घरातील ध्वनिमुद्रण आणि साधनांची निवड : नाशिकच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील संगीताच्या इतिहासलेखनात गायक, घराणी, रागविचार आणि संगीतसंस्था यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे ध्वनिमुद्रणाच्या साधनांना मिळालेले नाही. ध्वनिमुद्रणाचा विचार झाला तोही मुख्यतः ग्रामोफोन कंपन्या, आकाशवाणी आणि चित्रपटसृष्टी यांच्या अंगाने. घराच्या चार भिंतींत, व्यवसायाचा हेतू न ठेवता केलेले मुद्रण हा विषय बहुधा आठवणींच्या पुस्तकांतून एखाद्या ओळीपुरता येतो. वस्तुतः अर्धा-पाऊण तास चालणारा विलंबित ख्याल, रात्र सरत आल्यावर रंगलेली भैरवी किंवा गुरूने शिष्याला दिलेली तालीम यांचा जो आवाज आज उपलब्ध आहे, त्यातील फार मोठा भाग कोणाच्या तरी दिवाणखान्यातील यंत्रामुळे टिकलेला आहे. ते यंत्र कोणते होते आणि घरात तेच का आले, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही. काय टिकले आणि काय कायमचे गेले, याचे उत्तर पुष्कळदा त्या निवडीत सापडते.

प्रस्तुत लेखात या निवडीचा मागोवा नाशिक शहर डोळ्यांसमोर ठेवून घेतला आहे. नाशिक हे ध्वनिमुद्रणाचे केंद्र कधीच नव्हते. ते स्थान आधी कोलकात्याचे आणि पुढे मुंबईचे. परंतु केंद्रापासून दूर असलेल्या, संगीताची जाण असलेल्या मध्यम शहरात घरगुती साधनांचे महत्त्व अधिक असते. जिथे कंपनीचा मुद्रक पोहोचत नाही, तिथे घरातल्या यंत्राने जे टिपले तेवढेच उरते.

चित्र घरात, आवाज घराबाहेर

घरगुती साधनांच्या निवडीचा नाशिकशी संबंधित सर्वांत प्रसिद्ध दाखला आवाजाचा नसून चित्राचा आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र व छपाईची सामग्री घेऊन परतले. कोडॅकची कच्ची फिल्म मागवली जाई. ती छिद्रांविना येत असे आणि छिद्रे पाडण्याचे काम घरात, प्रामुख्याने सरस्वतीबाई फाळके यांच्या हातून होई. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यावर फाळक्यांनी नाशिकला बिऱ्हाड हलवले आणि ‘मोहिनी भस्मासुर’ची निर्मिती येथेच केली. एका कुटुंबाला पेलतील एवढीच यंत्रे, ती चालवू शकणारी घरची माणसे आणि कच्च्या मालाची नीट व्यवस्था, असे या निवडीचे स्वरूप होते.

चित्राला जे १९१३ मध्ये साधले, ते आवाजाला साधण्यास पुढे चाळीस वर्षे लागली. बोलपट आला आणि घरगुती निर्मिती संपली. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि त्याला नंतर आवाज जोडावा लागला. त्यांचा एकमेव बोलपट ‘गंगावतरण’ (१९३७) कोल्हापूर सिनेटोनसाठी झाला. आवाजाच्या मुद्रणाला लागणारी यंत्रसामग्री आणि बंदिस्त स्टुडिओ ही कुटुंबाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती.

येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यांच्या फोनोग्राफवर घरच्या घरी मुद्रणही करता येत होते. ग्रामोफोनच्या तबकडीने ही सोय काढून घेतली. तबकडी स्वस्त होती, हजारोंनी छापता येत होती, पण घरातले यंत्र आता फक्त वाजवणारे उरले. १९०२ मध्ये फ्रेडरिक गेसबर्गने कोलकात्यात मुद्रण केले, तबकड्या छापून आल्या त्या जर्मनीतील हॅनोव्हरहून. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाला. काय मुद्रित करायचे हे ठरवण्याचा अधिकार या काळात कंपनीकडे गेला आणि श्रोता केवळ ग्राहक झाला.

तीन मिनिटांची मर्यादा

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. या मर्यादेचा गायनावर काय परिणाम झाला याची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या मर्यादेमुळे काय मुद्रितच झाले नाही, याकडे मात्र कमी लक्ष गेले. अल्लादिया खाँ १९४६ मध्ये निवर्तले. त्यांचे गायन मुद्रित स्वरूपात उपलब्ध नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर सौरमालेच्या बाहेर जाण्यासाठी निघाली, तीही अवघी साडेतीन मिनिटांची. एका स्वरवाक्याचा विस्तार करण्यास जी गायकी दहा मिनिटे घेते, तिची ओळख विश्वाला तबकडीच्या मापाने करून द्यावी लागली.

नाशिकच्या संदर्भात हा प्रश्न पलुसकर पिता-पुत्रांच्या रूपाने समोर येतो. पं. विष्णू दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, पुढे मुंबईत विद्यालय उभारले आणि तेथील इमारत कर्जापायी गेल्यानंतर आयुष्याच्या अखेरच्या पर्वात नाशिकला रामनाम आधार आश्रमात वास्तव्य केले. संगीत टिकवण्याचे त्यांचे साधन होते लिपी. स्वरलेखनपद्धती तयार करणे, पुस्तके छापणे, त्यासाठी छापखाना चालवणे यांवर त्यांनी अपार श्रम व पैसा खर्च केला. लिपीत बंदिश टिकते, आवाजाचा लगाव टिकत नाही, हे त्यांच्यासारख्या आचार्याला ठाऊक नसेल असे मानण्याचे कारण नाही. गुरुशिष्य सहवासावर त्यांनी दिलेला भर त्याच जाणिवेतून आला असावा.

त्यांचे पुत्र दत्तात्रेय विष्णू तथा बापूराव (१९२१–१९५५) यांचे बालपण नाशिकला गेले. वडिलांच्या निधनसमयी ते दहा वर्षांचे होते. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास आणि मिराशीबुवा यांच्याकडून त्यांना विद्या मिळाली. १९३५ मध्ये जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात ते गायले आणि १९४४ पासून त्यांच्या तबकड्या निघू लागल्या. ‘बैजू बावरा’ (१९५२) मधील अमीर खाँ यांच्याबरोबरची जुगलबंदी सर्वपरिचित आहे. २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

बापूरावांच्या तबकड्या ऐकताना ती तीन मिनिटे अपुरी वाटत नाहीत. त्यांच्या गायकीतील रेखीवपणा त्या मापात चांगला बसला. परंतु याच कारणाने त्यांची प्रतिमा ‘सुबक, आटोपशीर’ गायकाची झाली, हेही तितकेच खरे. त्यांच्या मैफलींची व रेडिओची जी थोडी दीर्घ मुद्रणे नंतर प्रकाशित झाली, त्यांत रागाची बढत करणारा निराळाच गायक भेटतो. अशी मुद्रणे थोडी का, याचे उत्तर सरळ आहे. मैफलीच्या लांबीचे मुद्रण करू शकणारे यंत्र भारतीय घरांत नुकते कोठे येऊ लागले होते, तेव्हाच त्यांचा आवाज थांबला. दहा वर्षांचे आयुष्य अधिक मिळते, तर त्यांच्या गायकीविषयीचे आजचे मत बहुधा वेगळे असते.

स्पूल टेपरेकॉर्डरचे युग

चुंबकीय फितीवरील मुद्रण जर्मनीत विकसित झाले. एईजी कंपनीचा मॅग्नेटोफोन १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात दाखवण्यात आला. महायुद्धानंतर हे तंत्र अमेरिकेत गेले, १९४८ मध्ये अँपेक्सची यंत्रे बाजारात आली आणि पन्नाशीच्या दशकात ग्रुंडिग, फिलिप्स यांसारख्या कंपन्यांची घरगुती यंत्रे युरोपात सर्वत्र दिसू लागली. भारतात आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळे टेपरेकॉर्डर ‘निवडला’ जात नसे. तो परदेशाहून येणाऱ्या आप्ताबरोबर येई, जो येई तो घ्यावा लागे. निवडीला वाव होता तो यंत्र घरात आल्यानंतर.

त्या निवडीचे गणित विलक्षण बोलके आहे. सात इंची स्पूलवर सामान्य जाडीची १२०० फूट फीत बसे. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ती ३२ मिनिटे चाले, पावणेचार इंचांच्या वेगाने ६४ मिनिटे. वेग जास्त तर आवाज स्वच्छ, तानपुऱ्याची जवारी जिवंत. वेग कमी तर वेळ दुप्पट. फीतही आयात होणारी आणि महाग. म्हणजे घरच्या मालकाला दर मैफलीच्या आधी ठरवावे लागे की नाद हवा की विस्तार. बहुसंख्यांनी विस्तार निवडला, हे उपलब्ध खासगी मुद्रणांवरून दिसते. तीन मिनिटांच्या कोंडीतून सुटलेल्या रसिकाने घेतलेला तो निर्णय होता. आज त्या फिती ऐकताना खरखर जाणवते. पण एकाच रागाची तासभराची मांडणी हाती लागते, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने हा सौदा निश्चितच फायद्याचा ठरला.

फितीच्या महागाईचा दुसरा परिणाम दुःखद होता. नवी मैफल मुद्रित करण्यासाठी जुनी पुसली जाई. ख्यातनाम गायकाच्या फितीला हात लागत नसे. पुसली जाई ती गावातल्या गवयाची, घरातल्या आजीच्या ओव्यांची, शाळेच्या शिक्षकाने बसवलेल्या मेळ्याच्या पदांची. स्थानिक संगीताच्या इतिहासातील मोकळ्या जागा पुष्कळदा अशा तयार झालेल्या आहेत.

यंत्राच्या मायदेशाचाही मुद्रणावर ठसा उमटे. अमेरिकी यंत्रे ६० हर्ट्झ वीजपुरवठ्यासाठी बनवलेली. भारतात पुरवठा ५० हर्ट्झचा. दाब कमी करण्यासाठी ट्रान्सफॉर्मर लावता येई, पण त्याने वारंवारिता बदलत नसे. ज्या यंत्राच्या मोटरचा वेग वारंवारितेवर अवलंबून असे, ते येथे पाच-षष्ठांश वेगाने चाले. त्याच यंत्रावर ऐकले तर काहीच कळत नसे. मात्र तीच फीत पुढे योग्य वेगाच्या यंत्रावर लावली की आवाज सहा-पंचमांश पटीने चढे. हे ६:५ प्रमाण षड्‌ज आणि कोमल गंधार यांमधील अंतराचेच आहे. काळी एक पट्टीत गाणारा गवई अशा फितीवर पांढरी तीनमध्ये गाताना ऐकू येतो, आणि तीस मिनिटांचा ख्याल पंचवीस मिनिटांत आटोपतो. जुन्या खासगी फितीवरून एखाद्या गायकाच्या पट्टीविषयी किंवा लयीविषयी विधान करताना ही तपासणी आवश्यक ठरते. संगीताच्या प्रबंधांत ती नेहमी केली जातेच असे नाही.

मायक्रोफोन बहुधा एकच असे, यंत्राच्या पेटीतून आलेला. तो गायकासमोर ठेवला जाई. परिणामी अनेक घरगुती मुद्रणांत गायक व मागे बसलेला तानपुरा जवळ, तबला दूर आणि दाद देणारे श्रोते मध्येच कोठेतरी ऐकू येतात. हा दोष मानला जातो. पण कोणत्या जागेवर कोणी ‘वाहवा’ म्हटले, गायकाने शिष्याला हळूच काय सांगितले, हे याच मुद्रणांत सापडते. स्टुडिओने जे गाळले ते या एकट्या मायक्रोफोनने भाबडेपणाने ठेवले.

याच काळात रेडिओवरून मुद्रण करण्याची प्रथा रूढ झाली. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला, पुणे केंद्र १९५३ मध्ये. नाशिकसारख्या शहरातील श्रोत्याला मुंबई-पुण्याच्या मैफली प्रत्यक्ष ऐकणे दुरापास्त. त्याच्या दृष्टीने रेडिओला जोडता येणारी तार मायक्रोफोनपेक्षा अधिक मोलाची होती.

कॅसेट : सोय आणि किंमत

फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट भारतात खऱ्या अर्थाने पसरली ती सत्तरीच्या अखेरीस आयातीचे निर्बंध सैल झाल्यावर. तिचा सामाजिक परिणाम सर्वज्ञात आहे. भीमगीते, लोकगीते, भक्तिगीते यांना लहान कंपन्यांमार्फत बाजार मिळाला, पुण्यात अलूरकरांसारख्या रसिक प्रकाशकाने शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी काढल्या. घरगुती मुद्रणासाठी मात्र कॅसेटने निवडच संपवली. फितीची रुंदी चौथा भाग इंचावरून चार मिलिमीटरहून कमी झाली, वेग सेकंदाला पावणेदोन इंचांच्या आसपास कायमचा ठरला. स्पूलच्या मालकाला जो प्रश्न दरवेळी पडत होता, त्याचे उत्तर कंपनीने आधीच देऊन टाकले.

शिवाय स्वस्त कॅसेट रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप राखणारी योजना असे. सूचना पाठ करण्यास किंवा भाषण टिपण्यास ती उपयुक्त. संगीतात तिचा उपद्रव फार. गायक थांबला की तानपुरा फुगून वर येतो, समेवर तबल्याचा ठोका पडला की सगळे खाली दबते. ऐंशीच्या दशकातील असंख्य तालमींच्या कॅसेटी अशा धापा टाकत असल्यासारख्या ऐकू येतात. तरीही शिष्यवर्गाला गुरूचा पाठ घरी नेता आला ही या यंत्राची थोर देणगी मानावी लागेल. विष्णू दिगंबरांनी लिपीकडून जी अपेक्षा धरली होती, तिचा उरलेला भाग काही अंशी कॅसेटने पुरा केला.

घरातले मुद्रण म्हणजे मैफलच, असा समज करून घेणे योग्य नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुण्यातून चालवलेल्या जात्यावरील ओव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेण्यात आल्या. बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण झाले. हा संग्रह २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होत आला आहे. मुद्रण सुमारे १२० तासांचे आहे, म्हणजे बहुसंख्य ओव्या शब्दांतच उरल्या. जात्याच्या घरघरीसह ओवी टिपणे हे तंत्रदृष्ट्या अवघड काम आहे, कारण दगडाचा आवाज सलग आणि खालच्या पट्टीतला, आणि गाणारीचे तोंड जात्याबरोबर फिरत राहते. पण घरघर वगळून घेतलेली ओवी ही अर्धीच. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती माळ्यावर गेली, आणि मुद्रणासाठी उरलेला काळ फार थोडा होता. पंधरा वर्षे आधी एखादे चांगले, वीज नसतानाही चालणारे यंत्र अशा अभ्यासकांच्या हाती असते तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

संगणक आणि खोली

१९८७ मध्ये डॅट, १९९२ मध्ये मिनिडिस्क आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी संगणक, अशी साधने वेगाने बदलली. २००० मध्ये ऑडॅसिटी ही विनामूल्य प्रणाली आली आणि साध्या घरगुती संगणकावर मुद्रण व संपादन शक्य झाले. येथे परिस्थिती पूर्णपणे उलटली. पूर्वी यंत्र दुर्मिळ होते, आता बाजारात शेकडो यंत्रे आहेत. निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने प्रथमच उभा राहिला, आणि नेमके याच वेळी यंत्रातला फरक पूर्वीइतका महत्त्वाचा उरला नाही. कॅसेट आणि चांगला स्पूल यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. आजच्या दोन साधारण इंटरफेसमध्ये तसे अंतर सामान्य कानाला जाणवणार नाही. अंतर आहे ते खोलीत, आणि तिच्याखालोखाल मायक्रोफोनच्या निवडीत व जागेत.

नाशिकच्या पंचवटी, गंगाघाट परिसरातील जुन्या वाड्यांचे दिवाणखाने या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. लाकडी तुळया व तक्तपोशी, मातीच्या जाड भिंती, कोनाडे, फडताळे, खाली जाजम किंवा गादी. अशा खोलीत आवाज विखुरतो आणि काही अंशी शोषला जातो. आजच्या सदनिकेतील दहा फुटांची काँक्रीटची खोली नेमकी याच्या उलट. समोरासमोरच्या गुळगुळीत भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झला नाद साचतो, म्हणजे डग्ग्याच्या घुमाऱ्याच्या अगदी लगत. वरून फरशी आणि काच आवाज टणकपणे परतवतात. अशा खोलीत महागडा कंडेन्सर मायक्रोफोन ठेवणे म्हणजे खोलीचे दोष अधिक बारकाईने टिपणे होय. पुस्तकांनी भरलेले कपाट, जाड पडदे, भिंतीशी उभ्या केलेल्या गाद्या यांना खर्च थोडा येतो आणि त्यांचा लाभ यंत्राच्या दुप्पट किमतीपेक्षा अधिक असतो.

शहराचा आवाजही लक्षात घ्यावा लागतो. मंदिरांच्या घंटा आणि वाहनांचे हॉर्न बंद खिडकीने कमी होतात. देवळालीच्या बाजूने येणारा तोफांच्या सरावाचा आवाज किंवा ओझरच्या विमानांची घरघर भिंत ओलांडून येते, कारण खालच्या पट्टीतील आवाज अडवण्यास वस्तुमान लागते, पडदा नव्हे. छताचा पंखा मुद्रणाच्या वेळी बंदच ठेवावा लागतो. म्हणून उन्हाळ्यात मुद्रण रात्रीच होते. २००५ नंतरच्या तीव्र भारनियमनाच्या वर्षांत घरोघर इन्व्हर्टर आले, आणि त्यांतील स्वस्त चौकोनी तरंगाच्या इन्व्हर्टरांनी मुद्रणात एक नवी भणभण आणली. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप हा यावरचा सर्वांत सोपा उपाय ठरला. अर्थिंग नसलेल्या जुन्या वाड्यांतील ५० हर्ट्झच्या गुणगुणीलाही तोच लागू पडतो.

मायक्रोफोनच्या बाबतीत चित्रपटगीत किंवा पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचे निकष ख्यालाला तसेच लावणे चुकीचे आहे. डायनॅमिक मायक्रोफोन जवळून गाणाऱ्यासाठी उत्तम. तो खोलीचा आवाज कमी घेतो. ख्यालगायक मायक्रोफोनला चिकटून गात नाही. त्याचे मस्तक, हात, सारे शरीर लयीबरोबर हलते. अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने घटतो, म्हणून मायक्रोफोन फार जवळ असल्यास गायकाच्या प्रत्येक हालचालीबरोबर आवाज वरखाली होतो. हाताच्या अंतरावर ठेवलेला एक चांगला कंडेन्सर, तबल्यासाठी दुसरा, आणि त्यांना ४८ व्होल्ट वीज पुरवणारा दोन मार्गांचा इंटरफेस एवढ्यात छोटी बैठक नीट मुद्रित होते. चार निकृष्ट मायक्रोफोनांपेक्षा दोन चांगले बरे. खर्चात उरलेला पैसा मजबूत स्टँड आणि कानाला बंद बसणारा हेडफोन यांवर करावा.

प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित करून नंतर एकत्र करण्याची पद्धत भावगीताला किंवा भजनाला चालते. ख्यालात लय स्थिर ठोक्याची नसते; विलंबिताची गती बैठक रंगेल तशी किंचित चढत जाते आणि तबलजी गायकाच्या श्वासाकडे पाहून वाजवतो. यांत्रिक ठोक्यावर हे बांधले की संवादच नाहीसा होतो. तानपुऱ्याचेही तसेच. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास घडवलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आज घरोघर आहे. त्याच्या लहान स्पीकरचा आवाज मायक्रोफोनने घेतल्यास पत्र्याचा भास होतो. तो तारेने थेट इंटरफेसमध्ये घ्यावा, किंवा शक्य असेल तेथे खरा तानपुरा लावावा.

जतन आणि हक्क

इतिहासाच्या दृष्टीने खरेदीतील सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे साठवणीची. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हे परिमाण सांगितले आहे. या परिमाणाने दोन मार्गांचे एक तासाचे मुद्रण सुमारे एक गिगाबाइट जागा घेते. एका स्पूलच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे, तरीही अनेक घरांत तालीम भ्रमणध्वनीवर, संकुचित स्वरूपात मुद्रित होते आणि भ्रमणध्वनी बदलला की नाहीशी होते. पुसण्याची जुनी सवय नव्या रूपात चालू आहे. पन्नाशी-साठीच्या ॲसिटेट फितींना व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की त्या आकसत आहेत असे समजावे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील काही फितींचा लेप दमट हवेने चिकट होतो आणि वाजवताना निघून येतो. अशा फिती घरच्या यंत्रावर लावून पाहण्याचा मोह टाळून आधी जाणकाराला दाखवणे इष्ट.

हक्कांचा प्रश्नही आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताच्या प्रयोगावरील हक्काला मान्यता मिळाली. ती १० मे १९९५ पासून अमलात आली आणि पंचवीस वर्षांची मुदत १९९९ च्या दुरुस्तीने पन्नास करण्यात आली. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाला कायद्याने सूट दिली आहे. प्रकाशनाला ती लागू नाही. म्हणून मुद्रणाच्या वेळीच गायक व साथीदार यांची लेखी संमती घेणे, आणि त्याच कागदावर तारीख, स्थळ, राग, ताल, बंदिशीची परंपरा, पट्टी, यंत्र व मायक्रोफोन यांची नोंद करणे सोयीचे ठरते. जुन्या संग्रहांत फीत सापडते, पण डबीवर केवळ आडनाव आणि ‘यमन’ एवढेच लिहिलेले असते. गायक कोण, कोणत्या वर्षीचा, तबल्यावर कोण, हे सांगणारी पिढी आता ओसरत आहे.

ही नोंद आणि मूळ फाइल यांच्या तीन प्रती कराव्यात, असा संग्रहशास्त्राचा संकेत आहे, आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. नाशिकमध्ये या दुसऱ्या ठिकाणाला विशेष अर्थ आहे. १९६९, २००८ आणि २०१६ च्या पुरांत गोदावरीचे पाणी काठच्या वस्तीत शिरले होते, आणि ज्या वाड्यांत जुन्या बैठका झाल्या त्यांतले कितीतरी याच काठावरचे. तेथील कपाटांत आजही फिती असतील तर त्या पावसाळ्यापूर्वी उंचावर हलवणे, आणि त्यांची संगणकीय प्रत गंगापूर रोडसारख्या वरच्या भागात किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवणे, हे काम कोणतेही नवे यंत्र विकत घेण्याआधीचे आहे.